जबाबदारी तुमची, व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हातात

तुम्ही लिहिलंय की केमिकल इंजिनिअरिंग करून वडोदऱ्याच्या एका वीज कंपनीत पर्यावरण कक्षात नुकत्याच रुजू झाल्या आहात. वरिष्ठ सांगतात, फॉर्म वेळेवर गेले आणि प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर आकडे मर्यादेत दिसले की आपलं काम झालं. तुम्हाला ते पटत नाही. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वीज कंपन्यांपुढचं खरं पर्यावरणाचं आव्हान कोणतं: कार्बन, गंधक की राख? आणि मुख्यालयात राहावं की साइटवर बदली मागावी?

मी औष्णिक केंद्र आणि सबस्टेशन अशा दोन्हीकडे पर्यावरणाचं काम केलंय, तेही बहुतेक वडोदऱ्यातच राहून. त्यामुळे जे लिहितो ते पुस्तकातलं कमी आणि लॉगशीटमधलं जास्त आहे.

कार्बन, गंधक, राख ही यादी बरोबर आहे. पण तुमची अडचण त्या यादीत नाही. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी पाळायची जबाबदारी तुमच्या कक्षाची आहे. ईएसपीचं, म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने पकडणाऱ्या यंत्राचं, बंद पडलेलं फील्ड (एक कप्पा) आज दुरुस्त करायचं की शटडाउनपर्यंत थांबायचं, कूलिंग टॉवरचा ब्लोडाउन (क्षार वाढलेलं पाणी) किती सोडायचा, ट्रान्सफॉर्मरखालच्या खड्ड्यात साचलेलं पाणी कुठे उपसायचं, हे मात्र शिफ्टचा माणूस ठरवतो. रात्री कोणी किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राचा फोन आला की तो आधी मेगावॅट बघणार, आणि ते त्याचं कामच आहे. सही एकाची आणि हात दुसऱ्याचा, ही वीज कंपनीतल्या पर्यावरण व्यवस्थापनाची मूळ गाठ आहे. ती सोडवता आली तर राख, पाणी, तेल यांवरचे उपाय बहुतेक वेळा माहीत असलेलेच निघतात.

आता एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही आणि बरंच तिच्यावर अवलंबून आहे. 1 एप्रिल 2005 पासून जुन्या गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, जरी इथल्या दांडिया बाजारातले जुने लोक अजून सगळ्यांना ‘जीईबी’च म्हणतात. निर्मिती कंपनीत असाल तर तुमच्यापुढे धूर, राख आणि पाणी. पारेषणात असाल तर तेल, उपकरणांत भरलेला विद्युतरोधक एसएफ-6 वायू, लाइनखालची झाडं आणि पक्षी. वितरणात असाल तर गावोगावी विखुरलेले छोटे ट्रान्सफॉर्मर, त्यांचं तेल, भंगार मीटर, जुन्या बॅटऱ्या. तिन्हीकडचं थोडं थोडं लिहितो. तुमचं असेल ते सावकाश वाचा.

नव्या माणसाला मी पहिल्यांदा एक हिशेब करायला लावतो. 210 मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर 5040 मेगावॅट-तास, म्हणजे 50 लाखांहून थोडी जास्त युनिटं होतात. युनिटमागे साधारण 0.7 किलो कोळसा धरा. दिवसाला 3500 टन. आपल्या कोळशात राख 30 ते 45 टक्के असते. 35 टक्के धरली तर रोज 1200 टनांवर राख. गंधक अर्धा टक्का धरलं तर 17-18 टन, आणि ते जळून होणारा सल्फर डायऑक्साइड 35 टन. हे सगळं रोज, एका संचातून. आता प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे गेलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना तुम्हाला कळेल की आपण बहुतेक वेळा प्रदूषण नाहीसं करत नाही, त्याची जागा बदलतो. ईएसपी हवेतली राख पकडते आणि जमिनीवर आणते. राख ओली करून पाठवली की प्रश्न पाण्यात जातो. धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीने धुतला, म्हणजे एफजीडी लावलं, तर रसायनशास्त्राप्रमाणे दर टनामागे सुमारे 1.56 टन चुनखडी लागते, 2.7 टन जिप्सम निघतं आणि जवळजवळ 0.7 टन कार्बन डायऑक्साइड वर जातो. वरच्या 35 टनांना लावून पाहा: रोज 55 टन चुनखडी आत, 95 टनांच्या आसपास जिप्सम बाहेर. म्हणजे एफजीडीचा निर्णय घेताना चुनखडीच्या खाणीचा, ट्रकांचा आणि जिप्समच्या गिऱ्हाइकाचाही निर्णय घ्यावा लागतो. केमिकल इंजिनिअर म्हणून मटेरियल बॅलन्स तुमच्या हातात आहे. कक्षातल्या बाकीच्यांच्या हातात तो असेलच असं नाही.

गंधकाबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून एफजीडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. 7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने कोळशाच्या केंद्रांना सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पारा आणि पाण्याच्या मर्यादा पहिल्यांदा घातल्या आणि कणांची मर्यादा कडक केली. मुदत दोन वर्षांची होती. मग ती वाढत गेली, 2021 मध्ये ठिकाणाप्रमाणे केंद्रांचे अ, ब, क असे गट पडले, पुन्हा मुदती वाढल्या, आणि जुलै 2025 मध्ये क गटातल्या केंद्रांना चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. अ गटासाठी 2027 ची अखेर कायम राहिली आणि ब गटाचा निर्णय एकेका केंद्रापुरता ठेवला.

माझं मत सांगतो. आपल्या कोळशात गंधक कमी आहे हे खरं. पण सल्फर डायऑक्साइड हवेत लांब जाऊन सल्फेटचे बारीक कण बनतो, त्यामुळे चिमणी उंच केली की प्रश्न मिटला असं मी मानत नाही. त्याच वेळी, ज्या केंद्राची ईएसपी नीट चालत नाही त्याने आधी ती दुरुस्त करावी, कारण राखेचे कण आजूबाजूच्या गावांवर आजच पडताहेत. तुमच्या केंद्राला एफजीडी लागू आहे की नाही हे दिल्लीत ठरेल. ईएसपीचं किती फील्ड आज चालू आहे हे तुमच्या कंट्रोल रूममध्ये ठरतं.

त्या मर्यादांचा आणखी एक पेच जवळच पाहायला मिळतो. मही नदीवरच्या वणाकबोरीला 210 मेगावॅटचे जुने सात संच आहेत आणि 2019 मध्ये आलेला 800 मेगावॅटचा आठवा. 2003 संपण्याआधी बसवलेल्या संचांना कणांची मर्यादा घनमीटरला 100 मिलिग्रॅम, तर 2017 पासूनच्या संचांना 30. एकाच कुंपणात दोन मापं. तुमच्या फाइलीत ‘प्लांट’ असा एकच शब्द लिहून चालत नाही. संच कितवा, कोणत्या वर्षाचा, हे प्रत्येक आकड्याबरोबर लिहायची सवय लावा.

आणि आकडा कुठल्या हवेत मोजला तेही लिहा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबतो. चिमणीवरचं सततचं मोजमाप यंत्र मिलिग्रॅम प्रति घनमीटर दाखवतं. पण धूर नेणाऱ्या डक्टला कुठे भोक असेल, बॉयलरला जाणारी हवा तापवणारा एअर प्रीहीटर गळत असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि आकडा आपोआप कमी दिसतो. म्हणून सगळे आकडे 6 टक्के ऑक्सिजनवर आणून वाचायचे असतात. सूत्र सोपं आहे: मोजलेला आकडा गुणिले 15, भागिले 21 वजा मोजलेला ऑक्सिजन. यंत्र 80 दाखवतंय आणि ऑक्सिजन 9 टक्के आहे, तर खरा आकडा 80 गुणिले 15 भागिले 12, म्हणजे बरोबर 100. ऑक्सिजन 10.5 टक्के असेल तर तोच 80 चा आकडा 114 होतो. पोर्टलवर हिरवं दिसणारं प्रत्यक्षात मर्यादेबाहेर असू शकतं, आणि यात कोणी लबाडी केलेली असतेच असं नाही. ऑक्सिजनचा सेन्सर महिनोन्‌महिने कॅलिब्रेट झाला नसेल तरी एवढं पुरतं.

कंट्रोल रूममध्ये जाऊन तुम्ही हे विचारलंत तर ऑपरेटर सहज म्हणेल, “बेन, ए तो रोज एवुं ज बतावे छे.” रोज असंच दाखवतं. त्याच्यावर चिडू नका. त्याला विचारा, धूर चिमणीकडे ओढणाऱ्या आयडी फॅनचे ॲम्पिअर गेल्या वर्षापेक्षा किती वाढलेत? कारण जी हवा तुमचा आकडा पातळ करते तीच त्याचा फॅन ओव्हरलोड करते, वीज खाते आणि बॉयलरची कार्यक्षमता घालवते. डक्टची गळती बंद झाली तर तुमचा आकडा खरा होतो आणि त्याच्या संचाला पूर्ण लोड घेता येतो. पर्यावरण कक्षाची चिठ्ठी टेबलावर पडून राहते. फॅनच्या ॲम्पिअरची चिठ्ठी मेंटेनन्स मीटिंगमध्ये वाचली जाते. मी वर ज्या गाठीबद्दल लिहिलं ती सोडवायची मला सापडलेली रीत हीच: तुमची चिंता आणि शिफ्टचा त्रास जिथे एकाच आकड्यात भेटतात, तो आकडा शोधायचा आणि त्यावरून बोलायचं.

राखेकडे येतो. माझ्या मते निर्मिती कंपनीत सगळ्यात मोठं काम अजूनही हेच आहे. राखेचा पहिला नियम सप्टेंबर 1999 चा. मग बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आणि 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने चित्र बदललं: तीन वर्षांच्या चक्रात सरासरी 100 टक्के वापर, कोणत्याही वर्षी 80 टक्क्यांहून कमी नाही, न वापरलेल्या राखेवर टनाला 1000 रुपये भरपाई, आणि राखेच्या तळ्यात पूर्वीपासून पडलेली राखही 10 वर्षांत संपवायची. ‘शंभर टक्के वापर’ हे शब्द ऐकायला छान आहेत. त्यांच्या आत काय आहे ते बघा.

राख दोन प्रकारची. ईएसपीच्या हॉपरमधली बारीक कोरडी राख साधारण 80 टक्के, बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड राख 20 टक्के. कोरडी राख सायलोतून (साठवणीच्या उंच टाकीतून) बल्करमध्ये (बंद टँकरमध्ये) भरून सिमेंट कारखान्यात जाते, कारण पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते. तिला गिऱ्हाईक आहे. जाड राखेला आणि तळ्यात भिजलेल्या राखेला ते गिऱ्हाईक नाही. ती रस्त्याच्या भरावात, सखल जमिनीच्या भरणीत किंवा बंद खाणीत जाते. खाणीजवळचं केंद्र राख खाणीत भरू शकतं. आपल्याकडे गुजरातेत कोळसा छत्तीसगडसारख्या लांबच्या खाणींतून रेल्वेने येतो, तेव्हा तो मार्ग महाग पडतो. महामार्गाचं काम जवळ चालू असेल तर वर्ष चांगलं जातं, नसेल तर तळं भरत राहतं. म्हणून टक्केवारी विचारताना कोणत्या राखेची, कोणत्या महिन्याची, हेही विचारा.

महिन्याचा मुद्दा बहुतेक अहवालांत दिसत नाही. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात, सिमेंटचा खप उतरतो, रस्त्याचे भराव बंद असतात, विटांचं काम थांबतं. राखेचं गिऱ्हाईक जूनअखेर निघून जातं आणि दिवाळीच्या सुमाराला परततं. संच चालू असेल तर राख मात्र येतच राहते. मग ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. म्हणजे राखेचा बंधारा ज्या महिन्यांत पावसाने आधीच भिजलेला आणि भरलेला असतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्यावर जास्त राख आणि जास्त पाणी येतं. वर्षाची सरासरी 95 टक्के असली तरी ऑगस्टचा धोका त्या सरासरीत दिसत नाही. तुम्ही मार्चमध्ये बसून जून ते ऑक्टोबरचा राखेचा अंदाज काढा, कोरड्या राखेचा साठा सायलोत किती दिवस मावतो ते पाहा, आणि पावसाळ्यापुरते दूरचे खरेदीदार, जादा वाहतूक खर्च धरूनसुद्धा, आधीच बांधून ठेवा. टनाला 1000 रुपयांची भरपाई समोर असताना हा खर्च वित्त विभागाला पटवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

बंधारा फुटतो तेव्हा काय होतं हे मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीने दाखवलंय. ऑगस्ट 2019 ते एप्रिल 2020 या काळात तिथे तीन वेगवेगळ्या केंद्रांचे राखबंधारे फुटले आणि शेवटच्या घटनेत माणसं वाहून गेली. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टनला डिसेंबर 2008 मध्ये 40 लाख घनमीटरांहून जास्त ओली राख बाहेर आली. त्यानंतरच त्या देशाने कोळशाच्या राखेसाठी 2015 मध्ये देशव्यापी नियम केला. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी स्वतः बंधाऱ्याच्या पायथ्याने चालत जा, वरच्या रस्त्याने गाडीतून नको. पायथ्याशी पाणी झिरपत असेल तर ओंजळीत घेऊन पाहा. स्वच्छ असेल तर बंधारा निचरा करतोय. गढूळ असेल, हाताला बारीक कण लागत असतील, तर बंधाऱ्याची माती किंवा राख आतून वाहून चालली आहे. तेव्हा ईमेल लिहीत बसायचं नाही. त्याच क्षणी शिफ्ट इनचार्जला फोन करून त्या तळ्यात येणारी स्लरी (राख कालवलेलं पाणी) दुसऱ्या तळ्याकडे वळवायला सांगायची आणि सिव्हिलच्या माणसाला जागेवर बोलवायचं. वरून पाहायची गोष्ट एकच: पाण्याची पातळी आणि बंधाऱ्याचा माथा यांत किती अंतर उरलंय. ते माप खांबावर ठळक रंगवून घ्या, म्हणजे रात्रपाळीचा पहारेकरीसुद्धा सांगू शकेल.

पाण्याबद्दल थोडक्यात. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना 2015 च्या नियमाने मेगावॅट-तासाला 3.5 घनमीटरांची मर्यादा आहे. टॉवरमध्ये क्षार किती पट होऊ द्यायचे, ज्याला आपण सीओसी म्हणतो, त्यावर सगळं अवलंबून. सीओसी 5 असेल तर जेवढं पाणी वाफ होतं त्याच्या चौथ्या हिस्स्याइतकं ब्लोडाउनमध्ये जातं. सीओसी 2.5 वर ठेवलं तर दोन तृतीयांश, आणि नदीतून उचलायचं पाणी तिसऱ्या हिस्स्याने वाढतं. केमिस्टला स्केलिंगची, म्हणजे नळ्यांत क्षारांचा थर बसण्याची, भीती असते म्हणून तो व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडा ठेवतो. त्याची भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर रसायनांचं डोसिंग नीट करण्यात आहे, नदी ओढण्यात नाही. वणाकबोरीच्याच बंधाऱ्यातून महीचा उजवा कालवा निघतो आणि खेडा-आणंदकडच्या चरोतरची शेती भिजवतो. दुष्काळी वर्षात वीज केंद्र आणि शेतकरी एकाच पाण्याकडे बघत असतात, तेव्हा पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या तुमच्या कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा त्यांच्या विहिरीपर्यंत पोचतो हे लक्षात असू द्या.

पुढच्या काही वर्षांत माझ्या मते जे सगळ्यांना जड जाणार आहे, ते अजून पर्यावरणाच्या अहवालांत फारसं आलेलं नाही. दुपारी सौर वीज भरपूर येते तेव्हा कोळशाच्या संचांना लोड खाली आणावा लागतो, संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी 55 टक्क्यांपर्यंत आणि पुढे 40 टक्क्यांपर्यंत उतरण्याची तयारी मागितली आहे. सौर वीज वाढायलाच हवी, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण कमी लोडवर बॉयलर अस्थिर होतो, ज्वाला टिकवायला तेल लावावं लागतं, आणि तेलाची काजळी ईएसपीच्या पत्र्यांवर बसून आग लागू नये म्हणून काही फील्डं बंद ठेवतात. म्हणजे दुपारचे काही तास चिमणीतून बाहेर पडणारा धूर वेगळाच असतो. दिवसाच्या सरासरीत तो हरवून जातो. तुमच्याकडे पंधरा मिनिटांचे आकडे असतात. ते लोडच्या आलेखाशेजारी ठेवून एक आठवडा नुसतं बघा. मग बॉयलरवाल्यांबरोबर बसा आणि कोणत्या लोडखाली तेल लागतं, ते कोळसा दळणाऱ्या मिल्सचं कॉम्बिनेशन बदलून खाली आणता येईल का, हे विचारा. तेल महाग असतं, त्यामुळे इथेही त्यांचं आणि तुमचं हित एकच आहे.

आता पारेषण आणि वितरण. इथे चिमणी नाही, म्हणून ‘आपल्याकडे कसलं प्रदूषण’ असं म्हणायची पद्धत आहे. मोठ्या सबस्टेशनातल्या एका पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो लिटर तेल असतं. ते फुटलं तर झेलायला खाली दगडगोट्यांनी भरलेला खड्डा आणि पुढे तेल-पाणी वेगळं करणारी टाकी असते. नकाशात सगळीकडे असते. पावसाळ्यात जाऊन पाहिलं तर खड्डा पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला, त्यावर तेलाचा पातळ रंगीत थर, आणि कडेला कोणीतरी लावलेला पंप, पाइपचं तोंड गटाराकडे. भरलेला खड्डा ट्रान्सफॉर्मर फुटला तर काहीच झेलू शकत नाही, आणि रिकामा करताना तेल नाल्यात जातं. वडोदऱ्यात तो नाला शेवटी विश्वामित्रीला मिळतो, जिथे मगरी राहतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली होते आणि वीज बंद ठेवावी लागली, तेव्हा अशा जागांची पातळी किती सखल आहे हे सगळ्यांनी पाहिलं. जूनच्या आधी प्रत्येक खड्डा रिकामा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद, उपसा फक्त तेल वेगळं केल्यावर, आणि नव्या सबस्टेशनची जमीन पुराच्या पातळीपेक्षा वर: एवढं करून घेतलंत तरी मोठं काम झालं.

तेलाची दुसरी बाजू पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. जुन्या काही ट्रान्सफॉर्मरांत आणि कपॅसिटरांत हे रसायन होतं, शरीरात साठत जाणारं आणि निसर्गात सहज न विरणारं. स्टॉकहोम कराराप्रमाणे पीसीबी असलेली उपकरणं 2025 पर्यंत वापरातून काढायची आणि 2028 पर्यंत त्याच्या कचऱ्याची विल्हेवाट लावायची. भारतानेही 2016 च्या आदेशाने वापराला 31 डिसेंबर 2025 ची मर्यादा घातली. पुष्कळ जण म्हणतात, आमची उपकरणं नवीन आहेत, आमच्याकडे पीसीबी नाही. अडचण फिल्टर मशीनची आहे. तेच मशीन आज एका ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळतं, उद्या दुसऱ्याचं. समजा जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात 1000 पीपीएम (दहा लाखांत 1000 भाग) पीसीबी आहे आणि मशीनमध्ये, होसपाइपांत मिळून 100 लिटर तेल राहिलं. ते 1000 लिटर स्वच्छ तेलात मिसळलं की नव्या ट्रान्सफॉर्मरमध्ये 91 पीपीएम होतात. धोक्याची रेषा 50 ची. म्हणून तेल किती व्होल्टेज सोसतं याची, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज, चाचणी होते तेव्हाच क्लोरीनची झटपट चाचणी करून घ्या, संशय आला तर गॅस क्रोमॅटोग्राफी. वडोदरा हे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांचं आणि दुरुस्त करणाऱ्यांचं शहर आहे. तेल तपासायला मकरपुऱ्यात ‘एर्डा’सारखी संस्था 1974 पासून आहे. इथे राहून हे काम झालं नाही तर कुठे होणार? आणि वापरलेलं तेल 90 दिवसांच्या आत, मॅनिफेस्टसकट (वाहतुकीच्या नोंदपत्रासकट), अधिकृत रिसायकलरकडेच जाऊ द्या. बॅरलमागे चार पैसे जास्त देणारा भंगारवाला फाटकाबाहेर नेहमी उभा असतो.

एसएफ-6 वायू ब्रेकर (बिघाड झाला की वीज तोडणारं यंत्र) आणि जीआयएसमध्ये (वायूने भरलेल्या बंदिस्त स्विचगिअरमध्ये) असतो. शंभर वर्षांच्या मापाने त्याचा एक किलो म्हणजे सुमारे 23.5 टन कार्बन डायऑक्साइड, जवळजवळ 25 हजार युनिट कोळशाच्या विजेइतका. गळती शोधायला महागडी उपकरणं लागतात हे खरं, पण सुरुवातीला वजनकाटा पुरे. ब्रेकरमध्ये गॅस भरण्याआधी सिलिंडर तोला, भरल्यावर तोला, फरक ब्रेकरच्या नावाने लिहा. ज्या ब्रेकरला दर काही महिन्यांनी गॅस लागतो तोच गळतोय. मेंटेनन्सवाल्यांना अलार्मच्या फेऱ्या वाचतात, तुम्हाला उत्सर्जनाचा खरा आकडा मिळतो.

पक्ष्यांबद्दल. कच्छच्या माळढोकाचा खटला सगळ्यांना माहीत आहे: सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला आणि मार्च 2024 मध्ये तो बदलून समिती नेमली. पण आपल्या दाराशी खेडा-आणंदच्या भातशेतात सारस आहेत, आणि डभोईजवळ वढवाणा आहे, बडोदा संस्थानाने 1910 मध्ये बांधलेला तलाव, 2021 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कुठल्या खांबावर पक्षी मरतात हे शोधायला सर्वेक्षणाची वाट पाहू नका. सबस्टेशनचं ट्रिपिंग रजिस्टर, म्हणजे लाइन बंद पडल्याच्या नोंदींची वही, उघडा. ‘बर्ड फॉल्ट’ अशा नोंदी सापडतील, तारखेसकट, फीडरसकट. त्या नकाशावर मांडल्या की ठरावीक ठिकाणं उठून दिसतात. तिथे खांबावरच्या जोडतारेला (जंपरला) इन्सुलेशन आणि पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर डायव्हर्टर लावायचे. ट्रिपिंग कमी झालं की वितरणवाले स्वतःच पुढच्या फीडरचं नाव सुचवतात.

कार्बनबद्दल तुमची निराशा होईल, पण तुमच्या पदावरून कंपनीचा कोळसा कमी होणार नाही. तो निर्णय नियोजनात, सरकारात आणि विद्युत नियामक आयोगापुढे होतो. कुठलाही मोठा खर्च आयोगाने दरात मान्य केला नाही तर कंपनीला तो पेलत नाही, म्हणून पर्यावरणाचा प्रस्ताव लिहिताना त्याचा युनिटमागचा खर्च पैशात काढून द्यायला शिका. त्या एका ओळीविना चांगले प्रस्ताव पडून राहिलेले मी पाहिलेत. तुमच्या हातात असलेला कार्बन म्हणजे डक्टची गळती, तेलाचा सपोर्ट, एसएफ-6 आणि उपकरणांचा स्वतःचा वीजवापर. तो लहान नाही.

राहिला बदलीचा प्रश्न. लहान मूल असेल, घरी आजारी माणूस असेल, तर मुख्यालयात राहा. तिथूनही महिन्यातून काही दिवस साइटवर घालवायची परवानगी लेखी मागता येते आणि सहसा मिळते. तसं काही नसेल तर साइट मागा, आणि ती पावसाळ्याआधी मागा. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिफ्ट इनचार्जला सांगा की तुम्हाला फक्त लॉगशीट वाचायची आहे, सूचना काही द्यायच्या नाहीत. काही दिवस तिन्ही शिफ्टमध्ये बसा, रात्रपाळीतसुद्धा. ॲश हँडलिंगच्या माणसांशी ओळख करून घ्या, कारण हॉपर कधी तुंबतो हे त्यांनाच आधी कळतं. फॉर्म पाच (वार्षिक पर्यावरण विवरण) 30 सप्टेंबरपर्यंत आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत जायचं असतं. ते वेळेवर पाठवाच, त्यात हयगय नको. पण त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या मीटरवरून आला आणि तो मीटर शेवटचा कधी तपासला, हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. सुरुवात ऑक्सिजनच्या सेन्सरपासून करा.